त्या सामन्यातला माझा आवाज

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, आजही फारसं कळतं असं नाही. तरी आमच्या शाळेच्या मैदानावर झालेल्या मुलींच्या आंतरशालेय स्पर्धेत अंतिम सामन्याचं समालोचन मी केलं. कारण एवढंच, की मी इंग्रजी शिकवते आणि मुख्याध्यापिकांना पाहुण्यांसमोर समालोचन इंग्रजीतच हवं होतं.

शाळा गंगापूर रोडला. मी मूळची नामपूरची. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे फळ्यावरून वहीत उतरवायची गोष्ट. बी.एड. करून या शाळेत लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात स्टाफरूममध्ये मी म्हणाले, की मला चहा 'हेवी' लागतो. एक ज्येष्ठ मॅडम हसल्या. "अहो, चहा स्ट्राँग असतो, पाऊस हेवी असतो," असं म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण बाकीचे चौघेही हसले आणि मी तो चहा तसाच टेबलावर ठेवून तासाला निघून गेले.

त्या दिवसापासून मी एक वही सुरू केली. इंग्रजीत शब्द जोडीने फिरतात हे मला तेव्हा उमगलं. होमवर्क 'डू' करायचा, पण मिस्टेक 'मेक' करायची. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. अशा वह्या भरत गेल्या आणि काही वर्षांत शाळेत माझी ओळखच ती झाली. कुणाला अर्ज लिहायचा असला, कुणाला निमंत्रणपत्रिका तपासून हवी असली, की माझ्याकडे यायचे. हसणाऱ्या त्या मॅडमसुद्धा निवृत्तीच्या भाषणाचा कागद घेऊन आधी माझ्याकडे आल्या. मला ते फार आवडायचं, हे कबूल करते.

म्हणून माइकचं ठरलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. हातात तीन आठवडे होते. आमचे क्रीडाशिक्षक तरुण, कंत्राटावर लागलेले, मनापासून काम करणारे. शाळा सुटल्यावर ते मैदानाच्या पायऱ्यांवर बसून मला खेळ समजावून सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे. आपण 'कॉर्नर मारला' म्हणतो, इंग्रजीत कॉर्नर 'टेक' करतात, म्हणजे घेतात. गोल 'स्कोअर' करतात, आणि ज्यांच्यावर गोल होतो ते तो 'कन्सीड' करतात. 'क्लीन शीट' म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर धुतलेली चादर आली. सर हसून म्हणाले, की ज्या गोलकीपरने एकही गोल होऊ दिला नाही, तिने क्लीन शीट राखली असं म्हणायचं. राखली, म्हणजे 'कीप'. मी ते दोनदा अधोरेखित केलं. लूज बॉल, क्लोज रेंज, ओपन गोल, लेट टॅकल. घरी भाजी चिरताना मी फोनवर परदेशातले सामने लावून ठेवायचे. चित्राकडे बघायचे नाही, नुसतं ऐकायचे. ते लोक किती सहज बोलतात, कुठेही अडत नाहीत, याचंच मला नवल वाटायचं. खेळाडू पडून उठला की 'बॅक ऑन हर फीट', उशीर लावला की 'टेकिंग हर टाइम'. मी त्यांच्यामागून ओट्याशी उभी राहून पुटपुटायचे. नवरा बँकेतून आल्यावर म्हणायचा, की आता स्वयंपाकघरात पण मॅच चालू झाली.

आमच्या संघाची गोलकीपर माझ्याच वर्गात होती, नववीत. उंच, सावळी, बोलायला अगदी कमी. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची आणि निबंधात चार ओळींच्या पुढे जायची नाही. पण फुटबॉलचं म्हटलं की तिला सगळं येत होतं. एकदा सरावाच्या वेळी मी म्हणाले, की आज तू छान सेव्ह 'डू' केलास. ती ग्लोव्हज काढत हळूच म्हणाली, "मॅडम, सेव्ह मेक करतात." मी वही उघडून तिच्यासमोरच लिहून घेतलं. ती लाजली, पण तिला बरं वाटलेलं दिसलं. त्यानंतर ती वर्गात थोडी पुढच्या बाकावर सरकली.

तिचे वडील लासलगावच्या कांदा मार्केटमध्ये मापाडी होते, म्हणजे लिलावानंतर माल मोजणारे. ते आठवडाभर तिकडेच एका नातेवाइकाकडे राहायचे आणि रविवारी घरी यायचे. आई सातपूरला दोन खोल्यांच्या घरात ब्लाउज शिवायची. मुलगी फुटबॉल खेळते म्हणून शेजारच्या बायका काय काय बोलतात, हे तिने मला पालकसभेत सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. अंतिम सामन्याला ती आली तेव्हा इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन आली आणि पालकांच्या खुर्च्यांमध्ये न बसता गोलच्या मागे, दोरीजवळ उभी राहिली.

जानेवारीतली सकाळ होती, थंडी चांगलीच होती. माझं टेबल व्यासपीठाच्या कडेला लावलेलं, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. दुसऱ्या अर्ध्या खेळात आमची मुलगी ज्या गोलमध्ये होती तो माझ्यापासून अगदी जवळ, वीसेक पावलांवर. तिथलं मला जेवढं स्पष्ट दिसतंय तेवढं मैदानावर दुसऱ्या कुणालाही दिसत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. हे मी आज लिहिते आहे, कारण पुढे सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

पहिला अर्धा भाग छान गेला. मला भीती होती तसं काही झालं नाही, शब्द आपोआप येत होते. पाहुणे मान डोलावत होते. मुख्याध्यापिकांनी मागून एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या मुलींनी एक गोल केला, तो मी बरोबर सांगितला. मध्यंतरात क्रीडाशिक्षक धावत येऊन म्हणाले, की मॅडम, टीव्हीवर ऐकल्यासारखं वाटतंय.

दुसऱ्या भागात थोड्या वेळाने समोरच्या संघाची एक मुलगी चेंडू घेऊन एकटीच आत घुसली. आमची गोलकीपर पुढे झेपावली, चेंडू तिने छातीशी घेतला आणि त्याच क्षणी त्या मुलीचा गुडघा हिच्या कानाच्या वर बसला. आवाज मला ऐकू आला. दोघी पडल्या. ती दुसरी उठली, आमची उठली नाही.

मैदान गप्प झालं. सर पाण्याची बाटली घेऊन धावले, रेफरीही आले. तिच्या तोंडावर पाणी मारलं. एक-दीड मिनिट गेलं असेल. मी माइक हातात धरून उभी होते आणि ती शांतता मला सहन होत नव्हती. पाहुणे माझ्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटत होतं. सरांनी तिला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली आणि ती उठून उभी राहिली. मी लगेच माइकमध्ये म्हणाले, "अँड शी इज बॅक ऑन हर फीट! व्हॉट अ ब्रेव्ह सेव्ह!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्व मुलं उभी राहिली. सर कडेला गेले, खेळ पुन्हा सुरू झाला.

आणि मग मी पाहिलं, की ती मैदानाकडे पाठ करून, जाळीकडे तोंड करून उभी आहे. बुटाची नाडी बांधत नव्हती, ग्लोव्हज ओढत नव्हती. नुसती उभी होती, हात खाली सोडून. आमच्या एका मुलीने तिला हाक मारली तेव्हा ती वळली. थोड्या वेळाने चेंडू गोलच्या बाजूने बाहेर गेला आणि गोलकिक आली, म्हणजे आता तिनेच चेंडू मारून खेळात आणायचा. तिने चेंडू नीट रेषेवर ठेवला, चार पावलं मागे गेली, आणि चेंडू न मारता तशीच चालत गोलच्या खांबाजवळ जाऊन टेकून उभी राहिली. प्रेक्षकांत हशा पिकला. माझ्याही तोंडातून, त्याच रंगात, निघून गेलं: "शी इज टेकिंग हर टाइम!" हशा आणखी वाढला.

मला काही कळलंच नाही, असं मी म्हणू शकत नाही. वर्गात इतकी वर्षं मुलांचे चेहरे बघत आलेली बाई मी, तो चेहरा ठीक नव्हता हे मला दिसलं होतं. पण दर क्षणाला पुढचं वाक्य तोंडाशी तयार होतं, आणि ते इतकं बरोबर होतं, इतकं सफाईदार होतं, की त्याच्या मागे काय आहे ते बघायला मी थांबले नाही. माइक खाली ठेवून वीस पावलं चालत गेले असते तर एवढंच पुरलं असतं.

पुढे एक कॉर्नर आला. ती उडी मारून चेंडूला गेली, कुणाचा धक्काही फारसा लागला नाही, पण ती खाली पडताना डोकं आपटलं. या वेळी ती उठली नाही. कुशीवर वळून तिने उलटी केली. दोरीच्या मागून तिची आई आत धावत आली. तिच्या पायातली एक चप्पल मागेच राहिली होती.

सरांच्या गाडीतून तिला जवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर तिचं डोकं होतं, मी पुढे बसले होते. ती सारखं एकच विचारत होती, की हाफ टाइम झाला का. आई तिला हो म्हणत होती. दोन मिनिटांनी ती परत विचारायची.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. डॉक्टर म्हणाले, की मेंदूला हादरा बसला आहे, आणि एक हादरा बसल्यावर लगेच दुसरा बसणं हे जास्त वाईट. मग त्यांनी विचारलं, "पहिला मार लागल्यावर ती किती वेळ खेळत होती?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दोन-तीन मिनिटं."

ती अकरा मिनिटं होती. तेव्हा मला आकडा माहीत नव्हता, पण दोन-तीन नव्हती हे माहीत होतं.

सामना आम्ही जिंकलो होतो. राखीव मुलीने शेवटची काही मिनिटं गोल सांभाळला. त्याच दुपारी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. त्यात झेप, तो गुडघा, तिचं उठणं, टाळ्या आणि या सगळ्यावर माझा आवाज होता. खाली शूर मुलगी, आमची वाघीण, असे संदेश. माझ्या इंग्रजीचंही कौतुक. मी तो व्हिडिओ घरी पलंगावर बसून पूर्ण बघितला आणि घड्याळ लावून मोजला. गुडघा लागल्यापासून ती दुसऱ्यांदा पडेपर्यंत अकरा मिनिटं निघाली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. संस्थेला अहवाल पाठवायचा होता. त्यांनी कच्चा मजकूर स्वतःच लिहिला होता, मी भाषा तपासून द्यायची होती. त्यात लिहिलं होतं, की मुलीला 'स्मॉल इंजरी' झाली, तिने स्वतः खेळायची तयारी दाखवली आणि तिला ताबडतोब उपचार मिळाले. मी लाल पेन काढलं. 'स्मॉल' खोडून त्यावर 'मायनर' लिहिलं, कारण इंजरी स्मॉल नसते, मायनर असते. 'क्विक ट्रीटमेंट'च्या जागी 'प्रॉम्प्ट मेडिकल अटेन्शन' केलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की आता कसं भारदस्त वाटतंय. खाली साक्षीदार म्हणून माझी सही होती. ती मी केली.

तेव्हासुद्धा मी भाषाच दुरुस्त केली.

नामपूरहून आईचा फोन आला तेव्हा मी तिला सामन्याचं सगळं सांगितलं, अहवालाचं सोडून. तिने फक्त विचारलं, "पोर कशी शे?" मी म्हणाले, बरी आहे. खरं तर तोवर मी तिला हॉस्पिटलनंतर पाहिलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी सातपूरला गेले. खोलीच्या खिडकीवर चादर बांधलेली होती, कारण तिला उजेड सहन होत नव्हता. शिलाई मशीन बाहेरच्या ओट्यावर काढलं होतं, कारण मशीनचा आवाजही सहन होत नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठायला गेली, मी बसवलं. ती बोलताना अडखळत होती. आईकडे हात करून म्हणाली, "ते दे ना, ते, पाणी ज्यात..." आईने पेला दिला. आई मला म्हणाली, की डॉक्टर म्हणतात होईल बरं, पण वेळ लागेल. शब्द सापडत नाहीत म्हणून ती चिडते, कधी रडते, आणि रडली की डोकं आणखी दुखतं.

ती मला म्हणाली, की तिला सामन्यातलं काहीच आठवत नाही. सकाळी बसमध्ये बसल्याचं आठवतं, नंतर हॉस्पिटलचं छत. फोनच्या पडद्याकडे बघता येत नव्हतं, म्हणून आईने तिला तो व्हिडिओ नुसता ऐकवला होता, अनेकदा. तिला तो सामना माझ्या आवाजातूनच माहीत होता. 'ब्रेव्ह सेव्ह' हे तिला पाठ झालं होतं. ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बघून मला खाली बघावंसं वाटलं.

मग तिने विचारलं, "मॅडम, ते सगळे हसतात ना, टेकिंग हर टाइमला, तेव्हा मी काय करत होते?"

मी म्हणाले, "गंमत करत होतीस. खांबाला टेकून उभी राहिलीस."

ती थोडी हसली. म्हणाली, की तिने कधी सामन्यात गंमत केलेली नाही, पण असेल. आईने माझ्यासाठी पोहे केले होते. ते खाऊन मी घरी आले आणि तीन दिवस शाळेत नीट शिकवू शकले नाही. बारीकसारीक चुकांवरून मुलांवर ओरडत होते. एका मुलाने वाक्यात चुकीचं क्रियापद लावलं, तर मी त्याला संपूर्ण तास उभं केलं. नंतर त्याची क्षमा मागितली, तो गोंधळून बघत राहिला.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, की तुला फुटबॉल कळत नाही, डॉक्टरकी कळत नाही, रेफरी होता, सर होते, तू स्वतःला का लावून घेतेस. तो मला वाचवायला बोलत होता, हे कळत होतं. पण त्यातलं एकही वाक्य मला उपयोगी पडलं नाही.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा वडील घरी होते. काळे-सावळे, तिच्यासारखेच उंच, बोलायला तिच्यासारखेच कमी. मी चहा घेतला नाही. बसल्या बसल्या सांगून टाकलं. सांगितलं, की ती गंमत करत नव्हती. पहिला मार लागल्यावर ती जाळीकडे तोंड करून उभी होती, तिला आपण कुठे आहोत हे कळत नव्हतं, आणि ते मी पाहिलं होतं. मी माइकवरून थट्टा केली आणि सगळ्यांना आणखी हसवलं. डॉक्टरांना दोन-तीन मिनिटं सांगितलं, ती अकरा होती. आणि शाळेने जो कागद पाठवला त्यावर माझी सही आहे.

बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता. ती मुलगी तोंड भिंतीकडे करून बसली. वडिलांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही हे कुणाला लिहून द्याल का?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग द्या. डॉक्टरलाबी सांगा."

मी निघाले तेव्हा आई कोपऱ्यापर्यंत सोबत आली. मला वाटलं, आता बोलेल. ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. ती रिक्षास्टँडपाशी थांबून म्हणाली, "मला इंग्रजी येत नाय, मॅडम. तुम्ही माइकवर काहीतरी चांगलं बोलताय असं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मीबी वाजवल्या. पोरगी माझ्यापासून चार हातावर होती. तिचं तोंड मीबी पाह्यलं होतं."

तिने पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि मागे वळली.

दुसऱ्या दिवशी मी आधी डॉक्टरांना भेटून मिनिटं सांगितली. त्यांनी फाइलमध्ये आकडा बदलला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग मी शाळेत बसून अहवाल नव्याने लिहिला, मराठीत. इंग्रजीत लिहायला घेतला असता तर पुन्हा काहीतरी गुळगुळीत निघालं असतं, याची मला खात्री होती. मी काय पाहिलं, किती वाजता पाहिलं, काय बोलले आणि काय केलं नाही, एवढंच लिहिलं. दीड पान झालं. त्यात कुणावर आरोप नव्हता. पण सरांनी तिला दोन प्रश्न विचारून परत खेळायला पाठवलं, हे लिहावंच लागलं, कारण तसंच घडलं होतं.

मुख्याध्यापिकांनी कागद वाचून टेबलावर पालथा ठेवला. म्हणाल्या, की याने कुणाचं भलं होणार आहे. मी म्हणाले, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, तुमची पहिली सही खोटी ठरते, हे कळतंय ना. मी हो म्हणाले. त्यांनी तो कागद दाबून ठेवला नाही, संस्थेकडे पाठवला. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

त्यातून काही चांगलं झालं. मुलीला तीन महिने घरी राहू दिलं, वार्षिक परीक्षेऐवजी सहामाहीच्या गुणांवर वर चढवलं, उपचाराचा भार संस्थेने घेतला. शाळेत नियम झाला, की डोक्याला मार लागलेली मुलगी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, आणि सामन्याला डॉक्टर असल्याशिवाय सामना होणार नाही. मला दहावी-नववीकडून काढून पाचवी-सहावीला टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण त्याबद्दल मी कुणाकडे बोलले नाही.

सरांचं कंत्राट जूनमध्ये पुढे वाढवलं नाही. कारण वेगळं दिलं, पण सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या दिवशी ते शिट्ट्या, जाळ्या, चेंडू असं सगळं मोजून भांडारात जमा करत होते, तिथे मी गेले. ते म्हणाले, "मॅडम, लिहिलंत ते बरोबरच लिहिलंत. पण लिहायच्या आधी एकदा मला सांगायला हवं होतंत. मीच स्वतः लिहून दिलं असतं." खरंच, मला सुचलंच नव्हतं. मुलीच्या आईवडिलांना सांगायचं धैर्य गोळा करताना, माझ्या शेजारी उभा असलेला हा माणूस माझ्या हिशेबातच नव्हता.

मुलगी आता अकरावीत आहे, कॉलेज रोडच्या एका कॉलेजात, कॉमर्सला. शब्द बहुतेक सगळे परत आले. उन्हात डोकं दुखतं, मग ती दिवसभर कुणाशी बोलत नाही, असं आई सांगते. ती खेळत नाही. डॉक्टरांनी दीड वर्षाने परवानगी दिली होती, तिनेच नको म्हटलं. माझ्याशी ती नीट वागते. दिवाळीला फोन करते. पण पूर्वी वर्गात पुढच्या बाकावर सरकून बसायची, तसं तिचं माझ्याजवळ येणं उरलं नाही, आणि मी तशी अपेक्षाही करत नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं, की ते सर आता आडगावच्या बाजूला एका खासगी मैदानावर लहान मुलींना शिकवतात. एका शनिवारी सकाळी मी स्कूटर काढून गेले. तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहिले. दहा-बारा मुली होत्या, मोठाल्या बुटांत धडपडत होत्या. एकीची दुसरीशी टक्कर झाली, फार काही नाही, कपाळाला कपाळ. सरांनी खेळ थांबवला, तिला कडेला बसवलं, आणि तिचा चेहरा बराच वेळ बघत तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. ती मुलगी रडत होती, की मला खेळायचंय. त्यांनी मान हलवली आणि तिथेच बसून राहिले.

नंतर ते कुंपणाशी आले. मी ओळखलं का म्हणून विचारलं नाही, त्यांनीही कशा आलात म्हणून विचारलं नाही. त्यांनी फक्त आमच्या त्या गोलकीपरबद्दल विचारलं, की डोकं दुखायचं थांबलं का.

"उन्हात दुखतं अजून," मी म्हणाले.

ते तारेला धरून उभे राहिले. म्हणाले, की एकदा जाऊन भेटायचं आहे, पण कोणत्या तोंडाने जायचं ते कळत नाही. मी म्हणाले, तिचे वडील रविवारी घरी असतात. त्यांनी मान डोलावली. मुली तिकडून हाका मारत होत्या, तेव्हा ते गेले.

ते सातपूरला गेले की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. तिच्या आईनेही तो विषय कधी काढला नाही.